सेशन संपलं म्हणजे पुसलं गेलं असं नाही

आपण साईटवर लॉगिन करतो, काम उरकतो, टॅब बंद करतो आणि विषय संपला असं धरून चालतो. सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर काहीच संपलेलं नसतं. तुम्ही टॅब बंद केलात, फोनची बॅटरी उतरली, भुयारी मेट्रोत रेंज गेली की चहा आणायला उठलात, यातलं नेमकं काय झालं हे त्याला कळायची सोयच नाहीये, त्याला एवढंच दिसतं की या माणसाकडून बराच वेळ काही आलेलं नाही. मग तो तुमची माहिती जपून ठेवतो, येईल परत म्हणून. असे लाखो "येईल परत" साठत जातात आणि एक दिवस साईट आडवी होते, आणि तेव्हा शोध बहुतेक वेळा भलतीकडेच चाललेला असतो.

हे साठलेलं साफ कसं करायचं, ते कोणी करायचं आणि ते आपोआप होतंय असं आपण का धरून चालतो, यावर लिहितोय. एक गोष्ट मनापासून सांगायचीय, सेशनची मुदत संपणं वेगळं आणि ते सेशन जागेवरून हटणं वेगळं, ही दोन कामं आहेत, आणि बऱ्याच सिस्टिममध्ये दुसरं काम कोणाच्याच गळ्यात नसतं.

आधी सेशन म्हणजे काय ते बघू. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीवर बोलतात त्याला मागचं काही आठवत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट नवी कोरी, मागच्या क्लिकला तुम्ही कोण होतात ते पुढच्या क्लिकला माहीत नाही. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी यावर कुकी काढली, म्हणजे ब्राउझरने एक छोटी चिठ्ठी सांभाळायची आणि दर रिक्वेस्टबरोबर ती सर्व्हरला दाखवायची. सीएसएमटीच्या क्लोकरूमसारखं समजा, बॅग आत राहते आणि आपल्या हातात फक्त पावती. कुकीत असतो एक लांबलचक रँडम नंबर, तो सेशन आयडी, ती झाली पावती, आणि तुमचं लॉगिन, कार्ट, अर्धवट भरलेला फॉर्म हे सगळं सर्व्हरवर असतं, ती बॅग. पावती हरवली, माणूस गावाला निघून गेला, तरी बॅग फळीवर तशीच. क्लोकरूममध्ये निदान माणूस बसलेला असतो, जुन्या बॅगा त्याच्या नजरेत येतात. सर्व्हरवर बघणारं कोणी नसतं, ते आपल्याला नेमावं लागतं.

मुदत कोणाकोणाची

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश सांगतो. ब्राउझरमधल्या कुकीला एक मुदत असते, ती संपली की ब्राउझर कुकी टाकून देतो, पण सर्व्हरला तसं कळवत नाही. सर्व्हरवर ठेवलेल्या सेशनला वेगळी मुदत असते, "यानंतर हे सेशन मानायचं नाही" अशी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ते सेशन डिस्कवरून, डेटाबेसमधून किंवा मेमरीतून खरंच काढून टाकणं. पहिल्या दोन्ही गोष्टी झाल्या तरी तिसरी होईलच असं नाही.

जँगोचं, म्हणजे पायथॉन भाषेत साईट बनवायच्या एका तयार चौकटीचं, उदाहरण घ्या. डेटाबेसमधलं जँगो सेशन नावाचं टेबल उघडलं तर तीनच कॉलम दिसतात, एकात सेशनची की, दुसऱ्यात डोळ्यांनी वाचता न येणारा लांब मजकूर, तिसऱ्यात एक्स्पायरीची तारीख. आता एखाद्या रोमधली, म्हणजे टेबलातल्या एका ओळीतली, तारीख गेल्या वर्षीच्या गणपतीतली आहे. त्या आयडीने आज कोणी आलं तर जँगो त्याला उभं करणार नाही, कारण सेशन लोड करताना ते तारीख तपासतं, म्हणजे सुरक्षेच्या बाजूने ठीक आहे. पण रो तिथेच. जँगो स्वतःहून ती कधीच हटवत नाही, त्यासाठी क्लिअरसेशन्स नावाची कमांड दिलेली आहे आणि ती रोज चालवायची व्यवस्था तुम्ही करायची असं त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. डीफॉल्ट मुदत दोन आठवडे. किती जणांनी ती कमांड क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, टाकलीय हे आपापल्या टीममध्ये विचारून बघा, मला वाटतं उत्तर ऐकून बरेच जण लगेच लॅपटॉप उघडतील.

पीएचपी या साईट बनवायच्या भाषेत गंमत उलटी आहे, आणि जास्त काळजीची आहे. तिथे डीफॉल्टला प्रत्येक सेशनची एक फाईल बनते, नावाची सुरुवात सेस अंडरस्कोर अशी आणि पुढे आयडी. कचरा उचलण्याला तिथे जीसी म्हणतात, आणि जीसी मॅक्सलाइफटाइम नावाची सेटिंग १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. लोक समजतात २४ मिनिटांनी सेशन मेलं. तसं नाही. २४ मिनिटांनी ती फाईल फक्त "कचरा म्हणून उचलायला हरकत नाही" या यादीत जाते, आणि जोपर्यंत कोणी उचलत नाही तोपर्यंत जुना आयडी घेऊन आलेल्या माणसाला पीएचपी तीच फाईल उघडून देतं, वाचताना तिचं वय बघत नाही. म्हणजे झाडू मारणारा आला नाही तर कालचं लॉगिन आजही चालू. म्हणून बँकिंगसारख्या किंवा पेशंटची माहिती असलेल्या साईटवर शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्येच लिहून ठेवायची आणि दर रिक्वेस्टला आपणच तपासायची, जीसीच्या भरवशावर राहायचं नाही.

झाडू कोणाच्या हातात

पीएचपीचा झाडू नशिबावर चालतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरंच वाटत नाही. साईटवर येणारी रिक्वेस्ट सेशन सुरू करते तेव्हा एक छोटीशी सोडत निघते, डीफॉल्टला शंभरात एक, आणि पीएचपीबरोबर येणारी सेटिंगची तयार आयएनआय फाईल वापरली तर हजारात एक. ज्याच्या रिक्वेस्टला नंबर लागला त्याच्या रिक्वेस्टमध्येच सगळा फोल्डर तपासून जुन्या फाईली उडवल्या जातात, म्हणजे त्या बिचाऱ्या युजरचं पान उशिरा उघडतं. कमी गर्दीच्या साईटवर दिवसेंदिवस नंबर लागत नाही. पीएचपीवरच्या लाराव्हेल या चौकटीतही हीच पद्धत आहे, तिथे शंभरात दोन, आणि सेटिंगचं नावच लॉटरी.

याच कारणामुळे डेबियन आणि उबुंटू या लिनक्सवाल्यांनी ही सोडत बंदच करून टाकली, त्यांच्या पॅकेजमध्ये शक्यता शून्यावर ठेवलेली असते आणि त्याऐवजी दर अर्ध्या तासाने एक सिस्टिम जॉब येऊन फोल्डर साफ करतो. चांगली सोय आहे. फक्त तो जॉब पीएचपीच्या कॉन्फिग फाईलमध्ये लिहिलेला फोल्डर साफ करतो. कोणी आपल्या कोडमध्ये सेशनचा पाथ बदलून प्रोजेक्टच्या आतल्या फोल्डरकडे वळवला असेल तर त्या जॉबला त्याचा पत्ताच नसतो, आणि पीएचपीची स्वतःची सोडत तर आधीच बंद. म्हणजे त्या फोल्डरला वाली नाही.

हे मी परळच्या एका क्लासेसच्या साईटवर अगदी जवळून बघितलंय. ॲडमिशनचे दिवस, ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन आला, "अहो, हॉस्टिंगवाले म्हणतायत सर्व्हरवर भरपूर जागा आहे, मग पालकांना लॉगिन का करता येत नाहीये?" लॉगमध्ये एरर होती, डिव्हाईसवर जागा शिल्लक नाही. डिस्क बघितली तर अर्धी रिकामी. हॉस्टिंगवाले खोटं बोलत नव्हते आणि सर्व्हरही खोटं बोलत नव्हता. मग डीएफ मायनस आय चालवलं, ती कमांड जागेऐवजी आयनोड दाखवते, आणि तिथे शंभर टक्के भरलेलं.

आयनोड म्हणजे फाईलसिस्टिममधली फाईलची नोंद, प्रत्येक फाईलला एक लागते, फाईल छोटी असो की मोठी. लिनक्सवरच्या ईएक्सटी फोरमध्ये फॉरमॅट करतानाच या नोंदींची संख्या ठरून जाते, डीफॉल्टला दर १६ केबीमागे एक, म्हणजे २० जीबीच्या डिस्कवर साधारण १३ लाख. आणि पीएचपीने सेशन सुरू केलं पण आत काहीच ठेवलं नाही तर शून्य बाइटची फाईल बनते. ती जागा खात नाही, नोंद मात्र खाते. डिस्क अर्धी रिकामी दिसते आणि तरी एक नवी फाईल बनत नाही, याचं कोडं तिथे सुटलं.

तो फोल्डर उघडणंही सोपं नव्हतं. एलएस मारलं की ते सगळी नावं आधी गोळा करून क्रमाने लावत बसतं, म्हणून स्क्रीन नुसती गप्प. आरएमला सेस अंडरस्कोर स्टार दिलं तर शेल म्हणतं आर्ग्युमेंटची यादी फार लांब झाली. अशा वेळी फाइंड वापरायचं, फक्त फाईली, नाव सेसने सुरू होणारं, शेवटचा बदल एक तासाहून जुना, आणि शेवटी डिलीट. ते एकेक करून शांतपणे उडवत जातं, आणि तासाभरात हालचाल केलेल्या पालकांचं लॉगिन हलत नाही. आधी डिलीट न लावता तीच कमांड चालवून सुरुवातीची काही नावं डोळ्यांखालून घालायची, हे मी कधीच चुकवत नाही, कारण प्रोडक्शनवर फाइंड डिलीटला परतीचं तिकीट नसतं. नंतर पाथ परत मूळ जागी नेला की सिस्टिमचा जॉब आपलं काम करायला लागला.

बाकीच्या दुनियेतलं पटकन सांगतो. जावाच्या टॉमकॅट सर्व्हरमध्ये डीफॉल्ट मुदत ३० मिनिटं आणि मागे चालणारा एक थ्रेड साधारण दर मिनिटाला संपलेली सेशन्स काढतो, तिथे फारसं बघावं लागत नाही. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये तारखेच्या फील्डवर टीटीएल, म्हणजे किती वेळ जगायचं ते सांगणारा, इंडेक्स लावला की दर ६० सेकंदांनी आपोआप सफाई. जावास्क्रिप्टच्या एक्सप्रेसमध्ये एक्सप्रेस सेशन नुसतं बसवून मेमरी स्टोअर तसंच ठेवलं तर मेमरी गळत राहते, त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की हे प्रोडक्शनसाठी नाही, तरी लाईव्ह सर्व्हरवर सापडतं आणि लोक आठवड्याला एकदा रिस्टार्ट मारून दिवस ढकलत असतात. रूबीच्या रेल्समध्ये डीफॉल्टला सगळं सेशन कुकीतच, ४ केबीच्या मर्यादेत, म्हणजे सर्व्हरवर साठायचा प्रश्न नाही. जेडब्ल्यूटीवाले, म्हणजे सही केलेलं टोकन युजरकडेच देणारे, पण हेच सांगतात. पण मग चोरलेलं टोकन मध्येच रद्द करायचं असेल तर रद्द टोकनांची यादी सर्व्हरवर ठेवावी लागते, आणि ती यादी कोण साफ करणार हा प्रश्न परत दारात.

एवढी सेशन्स येतात कुठून

माणसं एवढी नसतातच. परळच्या त्या साईटवर विद्यार्थी काहीशे असतील, फाईली लाखांत होत्या. कारण साईटच्या हेडर फाईलमध्ये पहिल्याच ओळीत सेशन स्टार्ट होतं, म्हणजे कोणीही कुठलंही पान उघडलं की सेशन. आणि साईटवर येणाऱ्यांत बॉट बरेच असतात, सर्च इंजिनांचे, किमती गोळा करणारे, लॉगिनचं पान ठोठावून बघणारे, त्यातले बहुतेक कुकी सांभाळतच नाहीत. कुकी नाही म्हणजे दर रिक्वेस्टला सर्व्हरला वाटतं नवा माणूस आला, म्हणून नवं सेशन, नवी फाईल.

याहून लपून बसलेला प्रकार म्हणजे हेल्थ चेक. लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी गर्दी सर्व्हरांमध्ये वाटणारा, दर १० सेकंदांनी साईट जिवंत आहे का ते विचारतो. तो विचारतोय ते पान सेशन सुरू करत असेल तर दिवसाला ८,६४० सेशन्स, एकही माणूस न येता. वरचा १३ लाखांचा आकडा घ्या, सफाई नसेल तर निव्वळ या एका हेल्थ चेकने पाच महिन्यांच्या आत सगळे आयनोड संपतात. लोड बॅलन्सर दोन ठिकाणांहून विचारत असेल तर त्याच्याही निम्म्यात.

म्हणून साफसफाईचं पहिलं काम म्हणजे कचरा कमी करणं. लॉगिन झाल्यावर किंवा कार्टमध्ये काही टाकल्यावरच सेशन बनवा, हेल्थ चेकला सेशन नसलेला वेगळा छोटा पत्ता द्या. एक्सप्रेस सेशनमध्ये सेव्ह अनइनिशलाइज्ड नावाची सेटिंग आहे, ती फॉल्स करा, म्हणजे रिकामी सेशन्स साठवलीच जात नाहीत. जँगो मुळातच सेशनमध्ये काही बदललं नाही तर साठवत नाही, ती सवय चांगली आहे, फक्त कोणी दर रिक्वेस्टला सेव्ह करायची सेटिंग चालू केली असेल तर का केली ते विचारा.

डेटाबेसमधून काढताना

समजा टेबलात काही कोटी जुन्या रो साठल्यात आणि तुम्हाला आज कळलं. उत्साहात एकच डिलीट मारायचा मोह होतो, एक्स्पायरी आजच्या आधीची असेल ते सगळं उडव. मारू नका. तेवढ्या मोठ्या डिलीटमध्ये डेटाबेस सगळ्या बदलांची नोंद धरून बसतो, लॉक लांबतात, रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरी प्रत, मागे पडते, आणि ज्या टेबलावर प्रत्येक लॉगिन झालेली रिक्वेस्ट टेकलेली आहे त्याच टेबलाशी आपण झटत असतो. त्यापेक्षा थोडं थोडं काढायचं, एका वेळी काही हजार रो, मग सेकंदभर थांबायचं, मग परत. मायएसक्यूएलमध्ये डिलीटला सरळ लिमिट लावता येतं, पोस्टग्रेसमध्ये लिमिट लागत नाही म्हणून आत सबक्वेरी लिहून कीज निवडायच्या आणि तेवढ्याच उडवायच्या. एक्स्पायरीच्या कॉलमवर इंडेक्स हवाच, नाहीतर प्रत्येक तुकड्याला डेटाबेस अख्खं टेबल चाळत बसेल. जँगोच्या टेबलात तो आधीच असतो, स्वतः बनवलेल्या टेबलात बरेचदा नसतो.

जुनं खूप आणि चालू सेशन्स थोडी असतील तर उलटा मार्ग सोपा पडतो, नवं टेबल बनवायचं, फक्त चालू सेशन्स त्यात घ्यायची आणि नावं बदलायची, मायएसक्यूएलमध्ये रीनेम टेबल दोन्ही नावं एकाच झटक्यात बदलतं. मधल्या क्षणांत कोणी लॉगिन केलं असेल तर त्याला परत करावं लागेल, एवढं चालतं. आणि लॉगिनशिवाय सेशनमध्ये काहीच मोलाचं नसेल तर रात्री सरळ टेबल ट्रंकेट करणं, म्हणजे एकदम रिकामं करणं, हा पण प्रामाणिक उपाय आहे, सकाळी सगळ्यांना एकदा लॉगिन करावं लागेल हे आदल्या दिवशी कळवून.

एक गोष्ट ऐकून लोक नाराज होतात, एवढं डिलीट केलं तरी डिस्कवरची जागा परत दिसत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी मोकळी झालेली जागा स्वतःकडेच ठेवतं, पुढच्या रो त्यात बसतात, फाईलचा आकार तेवढाच राहतो. आकार खरंच कमी हवा असेल तर ऑप्टिमाइझ टेबल चालवून टेबल नव्याने बांधावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेल्या रो मेलेल्या अवस्थेत पडून राहतात, व्हॅक्यूम आल्यावर ती जागा पुन्हा वापरता येते, आणि फाईल छोटी करायची तर व्हॅक्यूम फुल, पण ते चालू असताना टेबल पूर्ण लॉक होतं, म्हणून ते रात्रीचंच काम. रोज सफाई होणाऱ्या टेबलाला यातलं काही लागत नाही, आकार एका ठिकाणी स्थिरावतो.

रात्रीचं काम म्हटलं की आपल्याकडे एक खास घोळ होतो. जॉब लावला रात्री २ वाजताचा, पण क्लाउडवरच्या मशिनचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, आणि यूटीसीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. मुंबईत साडेसातला माणसं लोकलमध्ये चढून फोन उघडून बसलेली असतात, गर्दीची वेळ सुरू झालेली असते, आणि नेमका तेव्हाच आपला जॉब टेबल झाडत असतो. आपल्या रात्रीच्या अडीचला काम हवं असेल तर यूटीसी मशिनवर आदल्या संध्याकाळचे ९ लिहायला लागतात.

त्याहून वाईट म्हणजे तुलनेतला टाइमझोन. एक्स्पायरी यूटीसीमध्ये साठवलेली आणि जॉबच्या स्क्रिप्टने "आत्ता" म्हणून भारतीय वेळ घेतली, तर स्क्रिप्टला वाटतं आत्ताची वेळ साडेपाच तास पुढची आहे. मग पुढच्या साडेपाच तासांत संपणारं प्रत्येक सेशन तिला संपलेलंच दिसतं. तुमची मुदत ३० मिनिटांची असेल तर झालंच, झाडून सगळे युजर बाहेर. दर वेळी जॉब चालला की सगळ्यांचं लॉगिन जातंय अशी तक्रार आली तर मी आधी हेच बघतो.

रेडिसवर टाकलं म्हणजे सुटलो का

बऱ्याच अंशी हो. रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस, त्यात प्रत्येक कीला मुदत लावता येते आणि मुदत संपली की रेडिस स्वतः ती काढतं, कोणी मागायला आलं तेव्हा तपासून, आणि शिवाय मागे सतत थोड्या थोड्या कीज चाळून. मला सेशनसाठी हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. फक्त मुदत लावलीय ना हे आपण बघायचं. एखाद्या कीवर टीटीएल कमांड मारली आणि उत्तर उणे एक आलं तर त्या कीला मुदतच नाही, ती कायमची. कोणीतरी घाईत नुसतं सेट वापरून सेशनची व्हॅल्यू बदलतं आणि साधं सेट केलं की आधी लावलेली मुदत पुसली जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मेमरी भरली की काय होणार हे पण आधी ठरवून ठेवा. मेमरीची मर्यादा घातलेली आणि पॉलिसी डीफॉल्ट नो एव्हिक्शन असेल तर रेडिस नवीन काही लिहून घेत नाही, एरर देतं, म्हणजे जुने लॉगिन झालेले लोक आत पण नवा कोणी आत येऊ शकत नाही. उलट ऑल कीज एलआरयू, म्हणजे बराच वेळ न वापरलेलं आधी उडवायचं, असं ठेवलं तर जागा करायला ते चालू सेशन्ससुद्धा उडवतं आणि लोक मध्येच बाहेर फेकले जातात, आणि ते का झालं याचा ॲपच्या लॉगमध्ये मागमूस नसतो. त्यात कॅशे आणि सेशन एकाच रेडिसमध्ये असेल तर डिप्लॉय करताना कोणीतरी कॅशे साफ करायला फ्लश ऑल मारतो आणि सगळ्या शहराचं लॉगआउट होतं. दोन्ही वेगळी ठेवा, एवढासा खर्च वाचवू नका.

किती वेळाने संपवायचं

वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या मार्गदर्शनात दोन मुदती सांगितल्यात, एक काही हालचाल नसल्यावरची आणि एक एकूण. हालचाल नसल्यावरची महत्त्वाच्या ॲप्सना २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्यांना १५ ते ३० मिनिटं. एकूण मुदत दिवसभर ऑफिसात वापरायच्या ॲपला ४ ते ८ तासांच्या घरात. एकूण मुदत बरेच जण ठेवतच नाहीत, आणि मग चोरलेला आयडी कोणी दर दहा मिनिटांनी जागा ठेवला तर तो महिनोन्‌महिने चालतो.

पण आकडे जसेच्या तसे उचलू नका, तुमची माणसं कशी वापरतात ते बघा. विरारहून चर्चगेटला जाणारी बाई गाडीत जागा मिळाल्यावर फॉर्म भरायला घेते, बोरिवलीला गर्दी वाढली की फोन पर्समध्ये जातो, ऑफिसला पोचून डबा फ्रीजमध्ये ठेवून ती परत फॉर्म उघडते, मधे पाऊण तास सहज गेलेला असतो. २४ मिनिटांनी सेशन उडालं आणि फॉर्म सेशनमध्येच होता तर तिची सगळी मेहनत पाण्यात. इथे मुदत वाढवणं हा माझ्या मते चुकीचा उपाय आहे. अर्धवट फॉर्म ड्राफ्ट म्हणून वेगळ्या टेबलात, तिच्या खात्याशी जोडून ठेवा, मग सेशन कितीदा का उडेना, लॉगिन केलं की फॉर्म समोर. सेशनमध्ये जेवढं मौल्यवान ठेवाल तेवढं ते पुसताना हात कापतो, आणि मग कोणी पुसतच नाही. आणि सोसायटीच्या ऑफिसमधला कॉम्प्युटर, जिथे सेक्रेटरी, मॅनेजर आणि वॉचमन काका सगळे एकाच ब्राउझरवर बसतात, तिथे कमी मुदत किती गरजेची आहे हे सांगायला नको.

लॉगआउट बटण दाबल्यावर सर्व्हरवरचं सेशन त्याच क्षणी गेलं पाहिजे, नुसती कुकी पुसून भागत नाही. लॉगिननंतर आयडी बदलतो तेव्हा जुन्या आयडीचं सेशनही काढायला सांगा, नाहीतर दर लॉगिनमागे एक जुनं पडून राहतं.

सेशनला लटकलेल्या गोष्टींकडे पण लक्ष द्या. अपलोड केलेला तात्पुरता फोटो, नाटकाच्या तिकिटासाठी रोखून धरलेल्या खुर्च्या, सवलतीचा वापरलेला कोड. सेशन उडालं आणि त्याच्या नावाने ठेवलेली फाईल राहिली तर तिचा मालक कोण हे सांगणारी एकमेव नोंद गेली. खुर्च्यांच्या बाबतीत तर सेशनच्या सफाईवर अवलंबूनच राहू नका, रोखलेल्या खुर्चीला तिची स्वतःची दहा मिनिटांची मुदत द्या, आणि बुकिंग करतानाच ती तपासा, नाहीतर रविवारचा प्रयोग हाऊसफुल्ल दिसेल आणि प्रत्यक्षात मधल्या रांगा रिकाम्या.

कायद्याचं पण थोडं. आपल्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याची दिशा स्पष्ट आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची, दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवायला सांगितली नसेल तर. जुन्या सेशनमध्ये लोकांचे फोन नंबर, पत्ते, कधीकधी अर्धवट अर्जातला आधार नंबर पडलेला असतो आणि तो रोजच्या बॅकअपमध्येही जात राहतो. यावर कोणी म्हणतं की सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनने एप्रिल २०२२ च्या निर्देशात १८० दिवस लॉग ठेवायला सांगितलेत, मग पुसायचं कसं. लॉग वेगळा, सेशन वेगळं. कोण कधी कुठल्या आयपीवरून आलं याची नोंद लॉगमध्ये ठेवा, त्यासाठी त्याचं अख्खं सेशन, आतल्या सगळ्या माहितीसकट, साठवायची गरज नाही.

आता तुमच्या सिस्टिममध्ये बघायचं कसं. डेटाबेसमध्ये सेशन्स असतील तर एकच क्वेरी, एक्स्पायरी उलटून गेलेल्या रो किती आणि त्यातली सगळ्यात जुनी कधीची. फाईली असतील तर फोल्डरमधली सगळ्यात जुनी फाईल किती जुनी. सफाई रोज होत असेल तर सगळ्यात जुनी गोष्ट मुदत संपून एखादाच दिवस झालेली असायला हवी. नुसत्या संख्येवर अलर्ट लावू नका, दहावीच्या निकालाच्या दिवशी संख्या अशीच फुगते आणि खोटा अलर्ट येतो. सगळ्यात जुन्या संपलेल्या सेशनच्या वयावर अलर्ट लावा, ते वय दोन दिवसांवर गेलं म्हणजे जॉब बंद पडलाय.

असे जॉब बंद पडतात ते आवाज न करता. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, सर्व्हर नवीन घेतला आणि क्रॉन तिकडे न्यायचं राहिलं, जॉब ज्याच्या नावावर होता तो माणूस नोकरी सोडून गेला. म्हणून जॉबने दर वेळी किती उडवली तो आकडा लॉगमध्ये लिहायला लावा. आकडा बरेच दिवस शून्य येत असेल तर आधी जॉब चालतोय का ते बघा, मग त्याचा युजर आणि पासवर्ड, मग टाइमझोन, आणि शेवटी तो ज्या टेबलात किंवा फोल्डरमध्ये बघतोय तिथेच ॲप सेशन्स लिहितंय का ते.